जुन्या मोटारीतील अनोळखी आवाज : खर्चाआधी निदान

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी ती आणि तिच्यासारख्या अनेक जुन्या मोटारी आजही रस्त्यावर दिसतात. अशा गाडीतून अनोळखी आवाज येऊ लागला की अंदाजाने एकेक सुटा भाग बदलला जातो. पैसे जातात, आवाज मात्र राहतो.

पहिली चाचणी विनाखर्चाची. डिकीतील जॅक, पाना व स्टेपनी घट्ट बसवावी. कित्येकदा खडखडाट तेथेच संपतो. त्यानंतर गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये इंजिनाची गती वाढवावी. आवाज तिच्याबरोबर वाढला, तर दोष इंजिन, पट्टा किंवा सायलेन्सरकडे शोधावा. गाडी धावतानाच वाढत असेल, तर चाकांकडे.

वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची असू शकते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा ती वाढली, तर संशय उजव्या बेअरिंगवर. मात्र वेडावाकडा झिजलेला टायरही असाच घुमतो, म्हणून आधी टायरांची अदलाबदल करून पाहावी.

पुढील चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फेरी मारताना टकटक ऐकू आली, तर बहुधा ॲक्सलचा बाहेरील सांधा झिजलेला असतो. सुरुवात होते ती रबरी आवरण, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत ‘बूट’, फाटण्यापासून. ग्रीस बाहेर पडते, धूळ-पाणी आत शिरते. या टप्प्यावर बूट व ग्रीस बदलणे स्वस्त पडते. टकटक सुरू झाल्यावर सांधाच बदलावा लागतो. पाहणीसाठी केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

ब्रेक दाबताना धातू घासल्यासारखी खरखर आली, तर काटकसर बाजूला ठेवून गाडी थांबवावी. पॅडचे अस्तर संपून पोलादी पट्टी डिस्कवर घासत असण्याची शक्यता असते.