घरच्या फोटोंना घरचाच सर्व्हर

घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं आणि व्हिडिओ एकाच जागी ठेवायला महागडं यंत्र लागत नाही. अडगळीतला जुना डेस्कटॉप पुरतो. त्यावर डेबियन लिनक्सवर आधारलेली ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ ही मोफत प्रणाली बसवा, नवी हार्डडिस्क जोडा आणि राउटरला केबल लावा. ‘सांबा’ या सॉफ्टवेअरमुळे विंडोज, मॅक आणि मोबाइल या सर्वांना ती डिस्क उघडता येते.

एसएसडीवर पैसे घालवू नका. गिगाबिट केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात आणि साधी डिस्कही जवळपास तेवढा वेग गाठते. लक्ष द्यायचं ते विजेकडे. ४० वॉटचा डेस्कटॉप अखंड चालला, तर महिन्याला सुमारे २९ युनिट जळतात. त्याऐवजी रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक आणि छोटी डिस्क मिळून १० वॉट धरले, तर सातच.

पण डिस्कच बिघडली तर? १९८८ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी अनेक डिस्क एकत्र वापरण्याची ‘रेड’ ही कल्पना मांडली. तिच्या ‘रेड १’ प्रकारात दोन डिस्कवर तोच मजकूर लिहिला जातो. एक बिघडली, तरी दुसरी चालू राहते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. म्हणून रेड म्हणजे बॅकअप नव्हे! तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती नातेवाइकांकडे ठेवा. आग, चोरी किंवा पुरातही आठवणी वाचवणारी प्रत तीच असते. सर्व्हर उभारण्याआधी तिची सोय करा.