एमबीबीएससाठी आधी एमपीएच करावं का? पैसे भरण्याआधी हे वाचा

पुणे : नीटमध्ये मार्क कमी पडले की जुन्नर, भोर, इंदापूर, पुरंदरच्या गावांतून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांसमोर एकच प्रश्न असतो, आता पुढं काय? काही जण बीएस्सी करतात. पदवी हातात आल्यावर कुणीतरी सांगतं, "आरोग्याशी संबंधित मास्टर डिग्री कर, मग मेडिकलला नंबर लागणं सोपं जातं." दोन वर्षं आणि घरच्यांचा पैसा घालण्याआधी हा सल्ला नीट तपासून घ्यायला हवा.

हा सल्ला येतो कुठून?

अमेरिकेत बारावीनंतर थेट डॉक्टरकीला प्रवेश मिळत नाही. आधी साधारण चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा आणि त्यानंतर मेडिकल कॉलेज. पदवीचे मार्क कमी असतील तर तिथली मुलं एक-दोन वर्षांचा मास्टर्स करून आपली बाजू भक्कम करतात. प्रवेश देताना कॉलेज मुलाचं सगळं शिक्षण बघतं, म्हणून तिथं त्याचा उपयोग होतो. असे व्हिडिओ मोबाईलवर बघून आपल्याकडंही तसंच चालत असेल असं वाटतं.

आपल्याकडं काय चालतं?

आपल्याकडं एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या मार्कांवरच होतो. 180 प्रश्न, 720 मार्क. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के आणि राखीव वर्गाला 40 टक्के लागतात. एमपीएच किंवा एमएस्सी केली म्हणून मेरिट लिस्टमध्ये एकही मार्क वाढत नाही. ससूनशेजारचं बी. जे. मेडिकल असो की खासगी कॉलेजची मॅनेजमेंट कोट्यातली सीट, नीटशिवाय प्रवेश नाही. परदेशात एमबीबीएस करून भारतात प्रॅक्टिस करायची असेल तरी आधी नीट पात्र व्हावंच लागतं. "मास्टर डिग्रीवर थेट एमबीबीएस" असं कुणी सांगून पैसे मागत असेल तर तिथूनच माघारी फिरावं.

वयाची अडचण आहे का?

नीटला कमीत कमी वय 17 लागतं. जास्तीत जास्त वयाची अट 2022 मध्ये काढून टाकली. त्यामुळं पदवी झाल्यावरही परीक्षा देता येते. पुण्याच्या एएफएमसीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथं सैन्यदलाच्या स्वतःच्या वयाच्या अटी असतात, त्या आधी वाचाव्यात.

वर्षांचा हिशेब

बारावी 18 व्या वर्षी झाली असं धरू. बीएस्सी 21 ला, मास्टर्स 23 ला. लगेच नंबर लागला तरी साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप धरून डॉक्टर व्हायला 28-29 वर्षं उजाडतात. एमडी करायचं तर आणखी तीन वर्षं. मुख्य गोष्ट अशी की नीटचा अभ्यास अकरावी-बारावीचा असतो. एमपीएचमध्ये साथरोग, आकडेवारी, आरोग्य योजना शिकवतात. त्या दोन वर्षांत फिजिक्सची गणितं विसरून जातात. म्हणजे मास्टर्समुळं नीट सोपी होत नाही, उलट अवघड होते.

मग एमपीएच वाया जातं का?

अजिबात नाही. गावात डेंग्यू का पसरला, लसीकरण कुठं मागं पडलं, विहिरीचं पाणी तपासलं का, हे बघणारी माणसं लागतातच. पुणे विद्यापीठात आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हे शिक्षण मिळतं. संशोधन संस्था, सामाजिक संस्था, सरकारी आरोग्य कार्यक्रमांत कामाच्या संधी असतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, एमपीएच झालेला माणूस डॉक्टर नसतो. दवाखाना टाकता येत नाही, औषध लिहून देता येत नाही. दुसरं, आरोग्य विभागातल्या काही पदांच्या जाहिरातीत एमबीबीएस किंवा बीएएमएससोबत एमपीएच मागतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी जुन्या दोन-चार जाहिराती काढून पात्रता वाचावी.

निर्णय कसा घ्यावा?

डॉक्टरच व्हायचं असेल तर तो वेळ आणि पैसा थेट नीटच्या तयारीला द्यावा, आणि किती प्रयत्न करायचे हे घरात बसून आधीच ठरवावं. नीटवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएसचे प्रवेशही होतात, तेही बघावेत. सार्वजनिक आरोग्याचं काम मनापासून आवडत असेल तर एमपीएच जरूर करावं, पण एमबीबीएसची पायरी म्हणून नव्हे.

प्रवेशाच्या तारखा आणि अटी दरवर्षी बदलू शकतात. राज्यातल्या जागांसाठी सीईटी सेलची, परीक्षेसाठी एनटीएची अधिकृत वेबसाईट बघावी. जातवैधता, नॉन क्रीमीलेअर, डोमिसाईल ही कागदपत्रं निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवावीत.