बदललं, पण बदललंच नाही!

मित्रांनो, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे निव्वळ खिचडी. पण गोष्ट आपल्या हॉस्टेलची आहे, तेव्हा ती मराठीतच सांगतो. चुकलो तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा!

मेसची सुट्टी नोंदवायचा प्रोग्राम आम्ही चौघांनी लिहिलाय. त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल. रात्री बाराच्या आत नोंद केली नाही, तर न जेवलेल्या दिवसांचेही पैसे भरावे लागतात. दिवाळीच्या सुट्टीआधी सगळे एकदम तुटून पडले आणि स्क्रीनवर एरर आली, 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'. एका वेळी किती कनेक्शन्स चालतील हे ठरवणारी सेटिंग म्हणजे मॅक्स_कनेक्शन्स. ती होती 100. मी कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये 200 केलं, सर्व्हर रीलोड केला आणि ऐटीत ओरडलो, "झालं रे!"

कसलं झालं! एरर तीच, आणि बारा वाजले. दुसऱ्या दिवशी माझ्यामुळे मेस सेक्रेटरीने सगळ्यांची बोलणी खाल्ली. रेक्टर सरांनी एक दिवस वाढवून दिला म्हणून निभावलं.

मग शांतपणे बसून शोधलं. फाइलमध्ये लिहिणं वेगळं आणि चालू सर्व्हरने ते मानणं वेगळं. काही सेटिंग्ज नुसत्या रीलोडने लागू होतात, पण मॅक्स_कनेक्शन्स नाही. तिच्या हिशोबाने सर्व्हर सुरू होतानाच शेअर्ड मेमरी राखून ठेवतो, म्हणून रीस्टार्टच लागतो.

रीस्टार्ट केला. तरीही 100! आता मात्र डोकं गरगरायला लागलं. कारण सापडलं ते असं. पूर्वी आमच्यापैकीच कुणीतरी 'ऑल्टर सिस्टम' ही कमांड वापरून 100 आकडा पक्का केला होता. ही कमांड वेगळ्याच फाइलमध्ये लिहिते, पोस्टग्रेस्क्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ. ती शेवटी वाचली जाते, म्हणून तिचाच शब्द चालतो. ती ओळ 'ऑल्टर सिस्टम रीसेट'ने काढली, पुन्हा रीस्टार्ट केला, आणि दिसले 200!

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी सर्व्हरलाच विचारा. 'शो मॅक्स_कनेक्शन्स' म्हटलं की आत्ताची खरी किंमत कळते. 'शो कॉन्फिग_फाइल' म्हटलं की कोणती फाइल वाचली जाते ते कळतं. ओळीच्या सुरुवातीला हॅश राहिलं असेल तर ती ओळ नसल्यासारखीच, तेही बघा. पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये 'कॉन्टेक्स्ट' कॉलम आहे. तिथे 'पोस्टमास्टर' असेल तर रीस्टार्ट, 'सिगहप' असेल तर रीलोड पुरतो. बदल रीस्टार्टसाठी अडला असेल तर 'पेंडिंग_रीस्टार्ट' कॉलममध्ये ट्रू दिसतं. आणि एखाद्या युजरसाठी 'ऑल्टर रोल'ने सेटिंग बदलली, तर ती नव्या कनेक्शनलाच लागते. जुनं कनेक्शन जुन्याच किमतीवर चालतं.

एक कबुली राहिली. आमचा प्रोग्राम काम झाल्यावर कनेक्शन बंदच करत नव्हता. ते दुरुस्त केल्यावर कळलं, 100 सुद्धा भरपूर होते!

तेव्हापासून सर्व्हरने 'हो' म्हटल्याशिवाय मी "झालं रे" म्हणत नाही.