तीन निनावी ग्रंथ

इ. स. १६८३ च्या डिसेंबर महिन्यांत लंडन येथील टॉवर हिलवर अल्जर्नन सिडने या साठी गांठलेल्या सरदारपुत्राचा शिरच्छेद करण्यांत आला. राजाविरुद्ध कट केल्याचा त्याच्यावर आरोप होता. राजद्रोह शाबीत होण्यास त्या वेळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणें दोन साक्षीदार लागत. सरकारपक्षापाशीं कटाची प्रत्यक्ष साक्ष देणारा मनुष्य एकच होता. तेव्हां दुसऱ्या साक्षीदाराच्या जागीं सिडनेच्या घरीं सांपडलेलें त्याचेंच हस्तलिखित न्यायासनापुढें मांडण्यांत आलें. राजाची सत्ता लोकांच्या संमतींतून निघते, असें त्यांत प्रतिपादिलें होतें. तें छापलेलें नव्हतें. तरी लिहिणें हेंच कृत्य मानलें गेलें आणि लेखकाचें मस्तक गेलें.

ही हकीकत ध्यानांत ठेवली म्हणजे उदारमतवादाचा पाया घालणाऱ्या तीन ग्रंथांविषयींची एक गोष्ट चमत्कारिक वाटत नाहीं. स्पिनोझाचा धर्म व राज्य यांवरील प्रबंध १६७० सालीं निघाला, लॉकचे शासनविषयक दोन निबंध १६८९ सालीं, आणि माँटेस्क्यूचा कायद्यांच्या मर्मावरील ग्रंथ १७४८ सालीं. या तिहींपैकीं एकाच्याहि मुखपृष्ठावर ग्रंथकाराचें नांव नव्हतें.

बारुख स्पिनोझा हा अ‍ॅमस्टरडॅम येथील पोर्तुगीज ज्यू व्यापाऱ्याचा मुलगा. पाखंडी मतांचा ठपका ठेवून १६५६ सालीं त्याच्या समाजानें त्याला बहिष्कृत केलें, तेव्हां तो तेवीस वर्षांचा होता. पुढें भिंगें घासण्याच्या कामांत त्यानें नांव मिळविलें. त्याच्या प्रबंधावर मुद्रणस्थळ म्हणून हँबुर्ग असें छापलें होतें. वास्तविक तो अ‍ॅमस्टरडॅम येथेंच छापला गेला. या सावधगिरीस कारण होतें. त्याचा मित्र आद्रियान कुर्बाख हा धर्माविषयीं लोकभाषेंत लिहिल्याबद्दल बंदींत पडला व १६६९ सालीं बंदींतच मरण पावला. स्पिनोझानें म्हणूनच आपला ग्रंथ लॅटिनमध्यें लिहिला, आणि त्याचें डच भाषांतर निघूं नये अशी मित्रास विनंति केली.

त्याचा युक्तिवाद साधा आहे. मनुष्य आपले पुष्कळ अधिकार राजसत्तेच्या स्वाधीन करूं शकतो. परंतु विचार करण्याची आपली शक्ति त्यानें मनांत आणलें तरी दुसऱ्यास देतां येत नाहीं. मग जें देतांच येत नाहीं त्यावर हुकूम चालविण्यास निघालेलें राज्य काय साधतें? लोक मनांत एक ठेवून मुखानें दुसरें बोलूं लागतात. खुशामत करणारे वर चढतात आणि प्रामाणिक माणसें शिक्षेस पात्र ठरतात. म्हणून राज्यानें माणसाच्या कृतीवर नियंत्रण ठेवावें, मत मात्र मोकळें सोडावें. त्यांतच राज्याची सुरक्षितता आहे. हॉलंडच्या शासनानें १६७४ सालीं या ग्रंथावर बंदी घातली.

जॉन लॉक याचा जन्म स्पिनोझाच्याच वर्षीं, म्हणजे १६३२ सालीं, इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यांत झाला. बाप गांवांतला वकील. यादवी युद्धांत तो पार्लमेंटच्या बाजूनें लढला होता. लॉक वेस्टमिन्स्टरच्या शाळेंत शिकत असतांना, १६४९ सालीं, शाळेपासून जवळच पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. पुढें वैद्यक शिकून तो लॉर्ड अ‍ॅशली या उमरावाच्या पदरीं राहिला, आणि १६६८ सालीं उमरावाच्या यकृतावरील शस्त्रक्रियेची देखरेख करून त्यानें त्याचे प्राण वाचविले. हाच उमराव पुढें शाफ्ट्सबरीचा अर्ल म्हणून दुसऱ्या चार्ल्सचा कट्टा विरोधक ठरला. अर्थात् लॉकवरहि सरकारची नजर खिळली. सिडने पकडला गेला त्याच वर्षीं लॉकनें हॉलंड गांठलें. तेथें कांहीं काळ तो खोट्या नांवानें वावरला, आणि राज्यक्रांति झाल्यावर १६८९ च्या फेब्रुवारींत मायदेशीं परतला. त्याचा ग्रंथ त्या क्रांतीच्या समर्थनार्थ लिहिलेला आहे, असें दीर्घकाळ समजलें जाई. परंतु पीटर लॅस्लेट यानें १९६० सालीं दाखवून दिलें कीं, ग्रंथाचा बराच भाग क्रांतीपूर्वींच लिहून झालेला होता. म्हणजे सिडनेला ज्या जातीचे कागद भोंवले, त्याच जातीचे कागद लॉकजवळहि होते.

या कागदांत होतें तरी काय? राजा हा प्रजेचा पिता आणि त्याची सत्ता आदिपुरुष आदमपासून वारशानें आलेली, असें रॉबर्ट फिल्मर याचें मत होतें. थॉमस हॉब्ज यानें १६५१ सालीं निराळी वाट काढली होती. राज्य नसेल तर प्रत्येकजण प्रत्येकाचा वैरी होईल. म्हणून लोकांनीं आपले अधिकार एका सार्वभौम सत्तेच्या हवालीं करावे आणि तिच्यापुढें मान लववावी, असें त्याचें सांगणें. लॉकनें फिल्मरचें मत खोडून काढलें, आणि हॉब्जच्या मार्गानें जाऊन उलट निष्कर्ष काढला.

शेताच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांत तंटा लागला आणि राज्य म्हणून कांहींच नाहीं, अशी कल्पना करावी. दोघांनाहि जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांवर हक्क आहे. पण तो राखण्यास तीन गोष्टी उण्या पडतात. सर्वांस ठाऊक असलेला निश्चित कायदा नाहीं, निःपक्षपाती न्यायाधीश नाहीं, आणि निकाल अंमलांत आणणारें बळ नाहीं. या तीन उणीवा भरून काढण्यासाठींच लोक संमतीनें राज्य स्थापन करतात. तेव्हां राज्यकर्त्यांच्या हातीं दिलेली सत्ता ही ठेव आहे. ती दान नव्हे. ठेव सांभाळणारा ती गिळूं लागला, तर ठेवणाऱ्यानें ती परत घ्यावी. संमतीवांचून कर बसवूं नये, आणि कायदा गरीब-श्रीमंत दोघांस एकच असावा, हीं कलमें या तत्त्वांतून आपोआप निघतात.

असें असेल तर रोज उठून बंडें होतील, असा आक्षेप घेण्यांत आला. लॉकचें उत्तर अनुभवाचें आहे. लोक लहानसहान चुका मुकाट्यानें सोसतात. एकामागून एक जुलूम एकाच हेतूनें होत आहेत असें दिसूं लागलें म्हणजेच ते उठतात. आणि बंडखोर कोण? कायदा प्रथम मोडणारा राजाच.

एक प्रश्न तरीहि उरला. सत्तेनें मर्यादा ओलांडण्याआधींच तिला आवरावें कसें? त्याचें उत्तर माँटेस्क्यूनें दिलें. तो फ्रान्समधील बोर्दो येथील वरिष्ठ न्यायालयाचा एक अध्यक्ष होता. तें पद विकून तो प्रवासास निघाला आणि १७२९ ते १७३१ पर्यंत इंग्लंडांत राहिला. ज्याच्या हातीं सत्ता येते तो अडथळा येईपर्यंत ती वापरीत जातो, हें त्यानें गृहीत धरलें. म्हणून सत्तेला सत्तेनेंच अडवावें: कायदा करणारा, तो अंमलांत आणणारा आणि त्याप्रमाणें न्याय देणारा हे तिघे वेगळे असावेत. न्यायाधीशच कायदा करूं लागला तर नागरिकाचें जीवित लहरीवर लटकेल. तोच अंमलदार झाला तर तो जुलमी होईल. सिडनेच्या खटल्यांत न्यायासन राजाच्या इच्छेनें चाललें होतें, हें आठवलें म्हणजे या विभागणीचें मोल कळतें. रोमच्या धर्मपीठानें १७५१ सालीं हा ग्रंथ निषिद्ध ठरविला.

या तिघांची दृष्टि सर्वत्र सारखी पोहोंचली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. स्पिनोझानें आपल्या अखेरच्या, अपूर्ण राहिलेल्या ग्रंथांत स्त्रियांस व नोकरांस राज्यकारभारांतून वगळलें. लॉकनें धर्मसहिष्णुतेवर पत्र लिहिलें, पण नास्तिकांस ती सहिष्णुता नाकारली. मनुष्य जन्मतः स्वतंत्र आहे असें लिहिणाऱ्या या तत्त्वज्ञानें गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनींत पैसे गुंतविले होते. तत्त्व ग्रंथकारापेक्षां मोठें निघालें, आणि ज्यांना त्यानें दाराबाहेर ठेवलें त्यांनींच पुढें तें उचललें.

अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना आणि फ्रान्सचा १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा यांवर या विचारांची छाप स्पष्ट आहे. याच परंपरेंतील टॉमस पेन याचें मानवी हक्कांवरील पुस्तक पुण्यास जोतीराव फुले यांनीं तरुणपणीं वाचलें, आणि त्यांतील कसोटी जातिभेदाला लावली. भारताच्या राज्यघटनेच्या पन्नासाव्या कलमांत न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करण्याचा निर्देश आहे. त्याचें कूळ माँटेस्क्यूपर्यंत जातें.

लॉकनें आपलें कर्तृत्व हयातींत कधीं उघड कबूल केलें नाहीं. १७०४ सालीं, मृत्यूच्या कांहीं आठवडे आधीं, मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणींत त्यानें लिहून ठेवलें कीं, तो ग्रंथ आपला आहे. त्याच्या देशांत क्रांति यशस्वी होऊन पंधरा वर्षें उलटलीं होतीं. तरी नांव सांगण्यास त्याला मरणाची वाट पाहावी लागली. राज्य कितपत स्वतंत्र आहे हें पाहावयाचें असेल, तर तेथील लेखक आपल्या पुस्तकावर निर्भयपणें नांव घालतो कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी पुष्कळ कळतें.