विशालकोन भिंग आणि एक पाऊल



कामगार चळवळीतल्या माणसाने निसर्गाच्या छायाचित्रणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. कॅमेरा मी सभामोर्चांचे फोटो काढता काढता शिकलो. त्यात झालेली एक चूक आपल्यापुढे मांडतो, कारण ती बहुतेक नवशिक्यांच्या हातून होते.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १,६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावी मी भातलावणीच्या दिवसांत विशालकोन भिंग, म्हणजे वाइड अँगल लेन्स, घेऊन गेलो. डोंगर, आभाळ, खाचरे, लावणी करणाऱ्या बाया, सारे एका चित्रात मावेल अशी उमेद होती. रस्त्यावरूनच फोटो घेतला. सारे मावलेही, पण डोंगराचे वारूळ झाले आणि बायांचे ठिपके. त्यांतल्या एकीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून विचारले, "दादा, यात मी कुठंय?" कष्टकऱ्यांच्या वतीने बोलण्यात आयुष्य घालवलेल्या मला हा प्रश्न झोंबला.

असे का झाले? ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर ५० मिलिमीटरचे भिंग आडवे सुमारे ४० अंश पाहते, तर २४ मिलिमीटरचे सुमारे ७४ अंश. तेवढ्याच जागेत एवढा जास्त मुलूख बसवायचा, तर त्याच जागेवरून पाहिलेला डोंगर निम्म्याहून लहान होणारच.

यावर उपाय आहे तो जवळ जाण्याचा. समजा, एक दगड आपल्यापासून १ मीटरवर आहे. आपण आणखी १ मीटर मागे सरलो, की चित्रातला दगड निम्मा होतो. दूरचा डोंगर मात्र होता तेवढाच राहतो. म्हणजे आपल्या एका पावलाने दूरचे बदलत नाही, जवळचे बदलते. भिंग फक्त दोघांना एका चौकटीत घेते. त्यांचे परस्परांशी प्रमाण ठरते ते आपण कुठे उभे राहतो त्यावरून.

जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट येण्यासाठी छिद्र लहान ठेवावे. १९३२ साली कॅलिफोर्नियातील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांनी आपल्या मंडळाचे नावच एफ ६४ या अतिलहान छिद्रावरून ठेवले होते. आपल्या २४ मिलिमीटरच्या भिंगाला एफ ११ पुरते. फोकस सुमारे पावणेदोन मीटरवर ठेवला, की साधारण ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत चित्र स्वच्छ येते. कॅमेरा वर कलवू नये. झाडे, खांब आत झुकतात. माणूस चौकटीच्या कडेला घेऊ नये. त्याचा चेहरा ताणला जातो.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईची परवानगी घेतली आणि चपला काढून खाचरात उतरलो. तिच्यापासून दीड मीटरवर, चिखलात वाकून, फोटो घेतला. पुढे तिचे हात आणि रोपांची जुडी, मागे पाण्याचे चौकोन, त्यामागे कळसूबाई. डोंगर कालच्याएवढाच आला होता. पण आता तो उंच वाटत होता, कारण जवळच्या माणसावरून त्याचे अंतर कळत होते.

तिने पडद्यावर बोट ठेवले. "ही मी," ती म्हणाली.

तेव्हा मित्रहो, रुंद भिंग हाती आले, तर काय काय मावेल हे आधी पाहू नका. आपल्याला कोणाच्या जवळ जायचे आहे, ते ठरवा. मागे सरण्याचा मोह झाला, तर एक पाऊल पुढे टाका.