आभासी सर्व्हर आणि जाळ्यावरील साठा : जोडणी तुटते तेव्हा

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाने अशा विषयावर का लिहावे, असे काही वाचक विचारतील. कारण साधे आहे. छोट्या महाविद्यालयांत स्वतंत्र तंत्रज्ञ नसतो आणि संगणक समितीवर कोणाचेही नाव पडते, माझे पडले. तेव्हापासून जे शिकावे लागले ते अध्यापक बंधुभगिनींसमोर ठेवत आहे.

आधी रचना समजून घेऊ. एका भक्कम यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालतात. त्या यंत्राला यजमान आणि आभासी सर्व्हरांना पाहुणे म्हणतात. उर्दूतील मेज़बान आणि मेहमान हीच जोडी. गंमत अशी की या पाहुण्यांचे सामान बहुधा यजमानाच्या घरी नसते. ते जाळ्यावरील वेगळ्या साठवण-पेटीत असते. तिथवर जाण्याचे दोन प्रचलित मार्ग आहेत. एनएफएस हा सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेला. यात पेटी फाइली देते. दुसरा आयस्कझी, ज्याचे प्रमाण २००४ साली निश्चित झाले. यात पेटी जणू कोरी डिस्कच देते आणि तिच्यावरील मांडणी यजमान करतो.

वाट तुटली की पाहुण्याला कारण कळत नाही. विंडोज गोठल्यासारखे होते, लिनक्स अनेकदा आपली डिस्क केवळ वाचण्यापुरती करून घेते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, सर्व्हर बिघडला. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : एकच पाहुणा अडला आहे की त्या पेटीवरचे सगळे? सगळे अडले असतील तर सर्व्हरांना हात लावू नये, वाट तपासावी. यजमान लगेच बंद-चालू करण्याचा मोह तर टाळावाच. ईएसएक्सआय पेनड्राइव्हवरून चालत असेल तर नोंदी बहुधा मेमरीतच असतात आणि बंद-चालू करताच पुरावा नाहीसा होतो.

आमच्याकडे अंतर्गत गुणांच्या नोंदी भरण्याच्या आठवड्यातच हे घडले. गुणांचा सर्व्हर, ग्रंथालयाचा सर्व्हर, सगळेच गोठले. यजमानावरून पेटीला पिंग केले, उत्तर आले. मी समाधानाने म्हणालो, वाट ठीक आहे. चूक तिथेच झाली. एनएफएसचे काम २०४९ या पोर्टवर चालते, आयस्कझीचे ३२६० वर. एनसी या आज्ञेने २०४९ तपासले, तर जोडणी नाकारली गेली. पेटी चालू, पिंग चालू, आणि दार बंद! शेवटी यजमानाची शेजाऱ्यांची यादी काढली. आयपी पत्त्यासमोर नोंदलेला मॅक पत्ता आणि पेटीवरील चिकटपट्टीवरचा पत्ता जुळेना. कार्यालयात त्याच सकाळी बसवलेल्या प्रिंटरला कोणीतरी पेटीचाच आयपी देऊन ठेवला होता. पिंगला उत्तर देत होता तो प्रिंटर. त्याची तार काढली आणि थोड्या वेळात साठा परतला. साठ्याचे जाळे वेगळे ठेवले असते तर हे घडलेच नसते. आता आम्ही ते वेगळे ठेवतो.

दुसरा फसवा दोष पाकिटांच्या आकाराचा. वेगासाठी काहीजण नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटांची मोठी पाकिटे चालू करतात. यजमान, स्विच आणि पेटी या तिघांवर ती मान्य असावी लागतात. मधला एखादा स्विच राहिला तर लहान पाकिटे पार होतात, साठा जोडलेला दिसतो, फाइलींची यादीही येते; प्रत मोठी करू लागताच सारे थांबते. याची परीक्षा व्हीएमकेपिंगने, पाकीट न फोडण्याची अट घालून, ८९७२ आकाराने करावी. ९००० मधून आयपीच्या शीर्षाचे २० आणि पिंगच्या शीर्षाचे ८ वजा केले की हा आकडा येतो. स्वतःच्या लॅपटॉपवरून केलेले पिंग येथे निरुपयोगी, कारण त्याची वाट निराळी असते.

जोडणी प्रथमच करताना नकार आला तर बहुधा परवानगीचा प्रश्न असतो. ईएसएक्सआय एनएफएसवर रूट म्हणून लिहितो. पेटी रूटला सामान्य वापरकर्ता ठरवत असेल तर लिहिणे अडते. मार्गाच्या नावात लहान-मोठी रोमन अक्षरे वेगळी धरली जातात. एका यजमानावर पेटी आयपीने आणि दुसऱ्यावर नावाने जोडली तर एकच साठा दोन समजला जातो. एनएफएसची आवृत्ती ३ आणि ४.१ एकाच साठ्यावर मिसळू नयेत. दोघांच्या कुलुपांची पद्धत वेगळी असल्याने फाइली खराब होण्याची भीती असते.

वाट पूर्ण तुटल्यावर ईएसएक्सआय ठरावीक काळ, मूळ मांडणीत १४० सेकंद, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मग पाहुण्यांच्या मागण्या सोडून इतर मागण्यांसाठीचे प्रयत्न थांबवतो. पेटीनेच डिस्क कायमची गेल्याचे कळवले तर ती स्थिती वेगळी, आणि तिथे वाट पाहून उपयोग नसतो. दोन्हींचा भेद व्हीएमकर्नेलच्या नोंदींत वाचता येतो.

आता सर्वांत धोक्याचा क्षण. आयस्कझीची पेटी बदलली किंवा डिस्कचा क्रमांक बदलला की यजमानाला ओळख पटत नाही आणि तो जुन्या साठ्याला प्रत समजतो. पडद्यावर तीन पर्याय येतात : जुनी ओळख ठेवा, नवी ओळख द्या, किंवा डिस्क फॉरमॅट करा. घाईत असलेल्या माणसाला तिसरा पर्याय सर्वांत स्वच्छ वाटतो. त्याने सारे पुसले जाते. मूळ डिस्क दुसरीकडे कुठेही जोडलेली नाही याची खात्री असेल तर पहिला पर्याय, नसेल तर दुसरा. तोही निवडण्याआधी पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि कालची प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडते की नाही ते प्रत्यक्ष पाहावे.