पापणी सुधार-शस्त्रक्रिया

पापणीवर पूर्वी केलेल्या शस्त्रक्रियेने इष्ट परिणाम न साधल्यास वा नवा दोष उद्‌भवल्यास पुन्हा करण्यात येणारी शस्त्रक्रिया. रूप सुधारणे हा तिचा एक हेतू असला, तरी डोळा नीट मिटून स्वच्छमंडलाचे (बुबुळापुढील पारदर्शक पटलाचे) रक्षण व्हावे, हा मुख्य हेतू होय.

पहिला उपाय फसल्यास दुसरा योजण्याची कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोपावर (पापणीचे केस आत वळून डोळ्यास टोचण्याच्या विकारावर) भुवईकडील दोन भाग व केसांकडील एक भाग सोडून जवाच्या आकाराची त्वचा कापून शिवावी, असे सांगितले आहे. तेवढ्याने गुण न आल्यास पापणी उलटून अग्नीने वा क्षाराने डागावी, असेही तेथे म्हटले आहे.

पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, १ मिमी. पेक्षाही कमी जाडीची असते. ती जास्त कापली गेल्यास डोळा उघडा राहतो. उरलेली त्वचा ताणून भागत नाही. दुसऱ्या पापणीची किंवा कानामागील त्वचा आणून रोपण करावे लागते. व्रण मऊ होण्यासाठी सामान्यतः सहा महिने थांबतात. मात्र स्वच्छमंडल कोरडे पडू लागल्यास थांबणे धोक्याचे असते.

कुष्ठरोगात हा प्रश्न अधिक बिकट होतो. कल्याण-डोंबिवली परिसरातील हनुमाननगर येथे कुष्ठरुग्णांची वसाहत असून कुष्ठरुग्णांच्या सेवेबद्दल गजानन जगन्नाथ माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. रोगजंतू नष्ट झाले, तरी तंत्रिकांची जुनी हानी राहते. आनन तंत्रिका दुबळी झाल्याने डोळा मिटत नाही. त्यातच स्वच्छमंडल बधिर असल्यास धूळ गेल्याचे कळत नाही व जखम चिघळून दृष्टी जाते. अशा वेळी पापण्यांच्या बाहेरील कडा एकमेकींस शिवून फट अरुंद करतात. पण पुढे पापणी सैल पडून ती पुरेशी ठरत नाही. मग कानशिलावरील चर्वणस्नायूची पट्टी दोन्ही पापण्यांतून नेऊन आतील कोपऱ्याशी बांधतात. या स्नायूची तंत्रिका वेगळी असल्याने दात आवळताच डोळा मिटतो. सर हॅरल्ड गिलीझ यांची ही पद्धत असून त्यांचे शिष्य डॉ. नोशिर अंतिया यांनी पुण्याजवळील कोंढवा येथे व मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांवरील पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेचा पाया घातला. पट्टी फार ताणली गेल्यास पापणी ओढली जाते, सैल राहिल्यास फट उरते. दोन्ही प्रसंगी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. वारंवार दात आवळण्याची सवय मात्र रुग्णालाच लावून घ्यावी लागते.